रेडिओ शब्द गिळतो

॥ श्री ॥

मु. थळ, ता. अलिबाग,
शनिवार, २ मे १९६४

श्री. माधवराव यांस,

विश्वंभराचा सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक. म्हणजे नाना ठीक आहेत, कुमुदची कंबर पावसाळा येईपर्यंत ठीक राहील असं ती म्हणते, आणि बैलही ठीक आहे. मी कसा आहे हे विचारायची या घरात पद्धत नाही, तेव्हा तेही ठीकच समजावं. तुमच्या पित्ताचं काय झालं? गोदू लिहिते की तुम्ही सकाळी कोकमाचं पाणी घेता आणि दुपारी कचेरीत भजी खाता. जावईमाणसाला उपदेश करू नये असं आमची आई सांगत असे, म्हणून करत नाही. पण भजी सोडा. सोनाबाईबरोबर आंब्यांची एक पाटी पाठवली आहे. ती पहाटे मासळी घेऊन मुंबईच्या धक्क्यावर उतरते, तेव्हा आंब्यांना थोडा वास येईल. आंबे धुतले की वास जातो. (आमच्याकडे कोणी धूत नाही.)

तुमच्या दोन पत्रांना उत्तर गेलं नाही याबद्दल तुम्ही रागावला असाल, तर आधी हे ऐका की त्याला कारण तुम्हीच आहात. दिवाळसणाला आलात, आमच्या ओटीवर बसलात, आणि सहज बोलावं तसं बोलून गेलात की हल्ली मुंबईत रेडिओला जोडायची लहान लहान खोकी निघाली आहेत, पुस्तकांच्या फळीवर मावतात आणि आवाज मात्र नाटकगृहासारखा देतात. तुम्ही बोललात आणि लाँचने निघून गेलात. मागे नाना उरले, आणि नानांच्या हाती सापडलेला मी.

दिवाळीपासून नानांचं एकच पालुपद सुरू होतं : रेडिओ शब्द गिळतो. बातम्या देणारा माणूस नीट बोलायला लागतो आणि निम्मं वाक्य घशात ठेवतो. गाणारी बाई तोंडात सुपारी धरून गाते. आपला रेडिओ तुम्ही पाहिलाच आहे. गावात वीज आली त्याच वर्षी घेतलेला, देव्हाऱ्याएवढा, हिरव्या डोळ्याचा. मी अलिबागेहून माणूस आणून त्याच्या आतल्या बत्त्या बदलून घेतल्या. नाना म्हणाले, अजून गिळतो. मग कुणीतरी सांगितलं की तार उंच हवी. आपल्या वाडीवरच्या सदूने ती सर्वांत उंच पोफळीच्या शेंड्याला नेऊन बांधली. पोफळ वाऱ्याने डोलते हे आम्हाला जन्मापासून माहीत, पण त्या वेळी एकाच्याही डोक्यात आलं नाही. दोन दिवस मुंबई केंद्र वाऱ्याबरोबर येत-जात राहिलं आणि मधल्या वेळात कुणीतरी अरबी माणूस बोलून जाई. तार उतरवली, नारळाला बांधली. नाना म्हणाले, अजून गिळतो.

हे सगळं वर्षभर चाललं असतं तरी माझी तक्रार नव्हती. पण होळीच्या सुमारास गोदूचं पत्र आलं, की तिला रेडिओवर गाण्याचा कार्यक्रम मिळाला, तीस एप्रिल, संध्याकाळी. त्या दिवशी नाना जेवले नाहीत. पत्र उपरण्याच्या टोकाला बांधून सगळ्या पाखाडीभर फिरले. ज्या लोकांनी गोदू सात वर्षांची असताना ‘मुलीला गाणं कशाला, उद्या काय तमाशात घालायची आहे?’ असं विचारलं होतं, त्यातले जे हयात आहेत त्यांना घरी गाठून पत्र वाचून दाखवलं, आणि जे हयात नाहीत त्यांच्या मुलांना. तुम्हाला कल्पना नसेल, माधवराव. आमच्याकडे बाजाची पेटी नव्हती, तंबोरा नव्हता. नाना विहिरीच्या कठड्यावर बसून एक सूर धरीत आणि गोदू समोर उभी राहून त्याच्यावर सरगम म्हणे. मलाही उभं केलं होतं. आठवडाभराने मला बसायला सांगितलं.

संध्याकाळी नाना परत आले ते थेट माझ्यासमोर. म्हणाले, विश्वा, या दिवसाची मी वीस वर्षं वाट पाहिली आहे. त्या दिवशी या डबड्याने माझ्या पोरीचा एक जरी शब्द गिळला, तर मी ते विहिरीत टाकीन आणि मागोमाग तुला. तेव्हा मला तुमची ती खोकी आठवली.

लॅमिंग्टन रोडवर मी एकटाच गेलो ही माझी चूक. तुम्हाला घेऊन गेलो असतो, पण तुम्हाला कचेरी, आणि मला वाटलं, इतकी वर्षं हायस्कूलात भूमिती शिकवतो, दोन चौकोनी खोकी निवडता येणार नाहीत का? दुकानदार गुजराती गृहस्थ होते, फार गोड बोलणारे. त्यांनी विचारलं, मास्तरसाहेब, केटला ओहमचा पाहिजे? मी म्हटलं, दोन पुरेत. त्यांनी आधी चहा मागवला. त्यानंतर त्यांनी फळीवर मांडून मला आठ-नऊ जातींची खोकी ऐकवली. माधवराव, दुकानात सगळीच चांगली वाजतात हो! बाजारात मासळी जशी सगळीच ताजी दिसते तसं. पहिलं ऐकलं, हेच घ्यावं वाटलं. दुसरं ऐकलं, पहिल्याची कीव आली. पाचव्यापर्यंत मला कुठलं पहिलं हेच आठवेना. एकाला सोनेरी कापडाचं तोंड, अंगाने सागवानी, आवाज कसा गोड, आग्रहाने वाढणाऱ्या सासूबाईंसारखा. दुसरं काळं, ठेंगणं, आवाजाने लख्ख आणि थोडं तिखट. मी घामाघूम झालेला पाहून दुकानदारांनी तोड काढली : एक हे न्या, एक ते न्या, घरी ऐका, महिन्यात जे नको ते परत करा, दुसरं जोडीचं न्या. मला हे इतकं पटलं की मी त्यांना आमच्याकडे यायचं निमंत्रण देऊन बसलो.

परतीच्या लाँचवर दोन्ही खोकी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारी आपली कोळीवाड्यातली सोनाबाई, रिकाम्या पाट्या घेऊन. तिने कापडाला बोट लावून विचारलं, आत काय हाय? मी सांगितलं, आत काही नाही, यातून आवाज येतो. सोनाबाईने विचार केला आणि म्हणाली, “मास्तर, आत कायच न्हाय, मंग इतक्या जपून नेताव कनाला?” मी समजावून सांगायला गेलो, तेवढ्यात करंजा बंदराजवळ लाट आली, आणि तिची सर्वांत वरची पाटी त्या सोनेरी कापडावर उपडी झाली. पाटी रिकामी होती, पण सकाळी तिच्यात बोंबील होते. (ते खोकं अजूनही तापलं की थोडं बोंबिलाचं होतं. तुम्ही काही म्हणा, भैरवीला तो वास शोभत नाही.)

घरी आल्यावर पहिला प्रश्न कुमुदने विचारला. पुस्तकांच्या फळीवर ठेवायची खोकी आणलीत ते छान, पण मग पुस्तकं कुठे ठेवायची? याचा विचार ना तुम्ही केला होता ना दुकानदारांनी. फळीवर नानांच्या पोथ्या, तीस वर्षांची पंचांगं, माझी भूमिती, आणि त्यामागे कुमुदचे पापडांचे दोन डबे. सगळं उतरवलं. पोथ्या देवघरात गेल्या, पंचांगं माळ्यावर, भूमिती सुपारीच्या पोत्यावर. पापडांचे डबे मात्र राहिले, कारण ते हलवायचे तर मलाही हलवावं लागेल असं कुमुद म्हणाली. म्हणून एका टोकाला गोड खोकं, दुसऱ्या टोकाला तिखट, मध्ये पापड.

मग निवड सुरू झाली. नाना मधोमध आरामखुर्चीत, मी रेडिओच्या कानाशी, कुमुद स्वयंपाकघराच्या दारात. कुमुदला पहिल्या दिवसापासून सागवानी पसंत, कारण ते फडताळाच्या रंगाचं आहे. आवाजाचं काय, असं मी विचारलं तर म्हणाली, आवाज दिसतो का पाहुण्यांना? मला काळं आवडलं. नानांनी दोन्ही ऐकली, डोळे मिटून, हाताची कमान कपाळाशी धरून, आणि निकाल दिला : हे शब्द गिळतं, आणि ते चावून मग गिळतं. मी खोक्यांच्या जागा बदलल्या. उंच ठेवली, खाली ठेवली, कोनाड्यात ठेवली. सदूने सुचवलं म्हणून एक रिकाम्या कणगीत ठेवून पाहिलं. त्यातून असा काही खर्ज निघाला की कौलांवरचं मांजर खाली आलं. नाना म्हणाले, हं, आता जरा कुठे कोणीतरी बोलतंय असं वाटतं. पण कणगीतून गोदूला गायला लावणं मला प्रशस्त वाटेना. लोक जमायचे होते, आणि लग्न झालेली मुलगी भाताच्या कणगीतून गाते आहे हे कसं दिसेल?

तुमच्या मनात येईल की नानांचे कान तर गेले नाहीत ना? माझ्याही आलं होतं. पण नानांचा रहाट तुम्हाला माहीत आहे. बैल फिरतो, रहाट कुरकुरतो, आणि नाना ओटीवर दुपारची झोप घेतात. वाडीवाल्याच्या रहाटाला तेल घालायचं नाही हा आमच्याकडचा शिरस्ता आहे. कुरकुर ऐकू येते तोवर पाणी चालू आहे, बैल उभा नाही आणि गडी विडी फुंकत बसलेला नाही, हे मालकाला घरबसल्या कळतं. कुरकुर थांबली रे थांबली की नाना झोपेतून ओरडतात, सदू! ज्या माणसाला झोपेत रहाट थांबलेला ऐकू येतो त्याच्या कानांवर संशय कसा घ्यायचा? उलट मला वाटलं, हाच तो चोर! दिवसभर ती कुरकुर चालते, तिच्यातच शब्द बुडतात, आणि नाव रेडिओचं होतं. कार्यक्रमाची वेळही नेमकी शिंपणाच्या संध्याकाळची.

म्हणून मी रहाटाला तेल लावलं. सदू गयावया करत होता, “मास्तर, त्याला तेल लावायचा न्हाय, नाना बोलतील.” मी त्याला घर्षण म्हणजे काय ते थोडक्यात समजावलं आणि खोबरेल तेलाची अर्धी बाटली आसात ओतली. माधवराव, चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो रहाट गप्प फिरला. बैल दोन पावलं चालला, थांबला, मान वळवून मागे बघायला लागला. त्याला वाटलं असणार की आपल्या मागचं सगळं सुटून पडलं. सदूने चुचकारून त्याला चालता केला. इतक्यात ओटीवरून नाना धावत आले, धोतराचा सोगा हातात, पायात एकच वहाण. विहिरीपाशी येऊन पाहतात तर बैल चालतो आहे, पोहरे भरून वर येतायत, पाणी पाटात पडतंय, आणि कुरकुर नाही. नाना जागच्या जागी उभे राहिले. चेहरा पांढराफटक. उजवा हात सावकाश कानाकडे गेला. मी घाबरलो, मारणार म्हणून, आणि ओरडून सांगितलं, नाना, मी तेल लावलं! त्यावर नाना काय करतील ते सांगा. हसले! कठड्यावर बसून पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईतो हसले, आणि मला म्हणाले, शाबास. शाळेत पहिला आलो तेव्हाही मला शाबास मिळाली नव्हती. मी समजलो, तेलाची युक्ती त्यांना पटली.

असो. परवा गुरुवारी कार्यक्रम झाला, आणि तुम्ही दोघं वाट पाहत असाल म्हणून आता त्याचंच लिहितो. ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कोळीवाड्यातूनही माणसं आली. नानांनी ठेवणीतला कोट घातला होता, उन्हाळ्यात, आणि गळ्यापर्यंत गुंड्या लावून. कुमुदने खोक्यांना हळदकुंकू वाहिलं. (सोनेरी कापडावर डाग पडला आहे, तो बोंबिलाच्या डागाशेजारी आहे.) दोन्ही खोकी लावली, कारण निवड शेवटपर्यंत झालीच नाही. निवेदिकेने सौ. गोदावरी असं नाव घेतलं आणि ओटीवर इतकी शांतता झाली की समुद्र ऐकू आला. गोदू काय गायली हो! मला गाण्यातलं कळत नाही, पण रेडिओच्या बटणावरचा हात मी शेवटपर्यंत काढला नाही. सोनाबाईने पदर डोळ्यांना लावला. एका जागी सूर असा वर गेला आणि तिथेच थांबून राहिला की मला वाटलं, आता ही श्वास कधी घेणार. नाना डोळे मिटून डोलत होते, मांडीवर ताल चालू होता, आणि शेवटी मोठ्याने म्हणाले, “वा! काय जागा घेतली पोरीने!” हे सगळं गोदूला जसंच्या तसं वाचून दाखवा. तिला फार बरं वाटेल.

नानांचे तुम्हा उभयतांस अनेक आशीर्वाद. कुमुद विचारते, गोदूला दुसरी काय चाहूल वगैरे? (असं विचारू नये हे मी तिला सांगितलं. तिने विचार म्हणून सांगितलं.) कळावे, लोभ आहेच, तो भजी सोडल्यावर वाढेल.

आपला,
विश्वंभर

ता. क. — दोन्ही खोकी सोनाबाईबरोबरच पाठवतो आहे. तेवढी लॅमिंग्टन रोडवर परत करून या. दुकानदारांनी कारण विचारलं तर इथली खारी हवा मानवत नाही म्हणावं. वासाचं त्यांनी विचारेपर्यंत बोलू नका.

ता. क. दुसरा — माधवराव, इथून पुढचं मोठ्याने वाचू नका. गोदू शेजारी असेल तर तिला पाणी आणायला पाठवा. नाना शेवटी ‘वा’ म्हणाले असं वर लिहिलं आहे ते खरं आहे, पण कशाच्या शेवटी ते मी लिहिलं नाही. गोदूचं गाणं संपलं, निवेदिका बोलून गेली, बाजारभाव लागले. नाना डोलतच होते. लासलगावच्या कांद्याचा भाव आला तेव्हा त्यांनी ती जागेची दाद दिली. ओटीवर कोणी हसलं नाही. सोनाबाई पटकन म्हणाली, व्हय व्हय, लय ग्वाड गायली. आणि सगळे व्हय व्हय म्हणाले. मी रेडिओ बंद केला. विहिरीवर त्या दिवशी ते का हसले ते मला तेव्हा कळलं. रहाट तेवढाच उरला होता त्यांना, आणि तोही गेला असं त्यांना घटकाभर वाटलं होतं. मी काल त्याच्यातलं तेल पुसून काढलं, राख चोळली. आता पुष्कळ कुरकुरतो.

काल सकाळी नाना कठड्यावर बसले होते. मला जवळ बोलावून, कुठेतरी दुसरीकडे बघत विचारलं, पहिली चीज कुठली घेतली रे तिने? म्हटलं, भूपातली, तुम्हीच शिकवलेली. तर म्हणाले, हो हो, माहीत आहे, तुझ्या लक्षात आहे का ते पाहत होतो. मला राहवलं नाही, माधवराव. शाळेच्या प्रार्थनेत हेडमास्तरांनी मला नुसते ओठ हलवायला सांगितलेले आहेत, तरी मी वाकलो आणि त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन पहिली ओळ म्हटली. नानांनी कडू खाल्ल्यासारखं तोंड केलं आणि ओरडले, “गंधार उतरलाय, गाढवा!” गाढव म्हटल्याचा इतका आनंद मला उभ्या आयुष्यात झाला नव्हता. चार बोटांवरून त्यांना सगळं ऐकू येतं, गंधारसुद्धा! चार बोटांवरून गाणारं खोकं कुठल्याही दुकानात नाही, ते तुमच्या घरी आहे. पाऊस लागून लाँच बंद व्हायच्या आत रजा काढा आणि गोदूला घेऊन या. कारण सांगू नका, आंब्यांचं सांगा. तिला कळलं तर ती गाताना रडेल, आणि नाना म्हणतील सूर हलतो.

ता. क. तिसरा — हे पाकिटात घालत होतो तोच नाना आले. कुणाला लिहितोस म्हणाले. त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन म्हटलं, माधवरावांना, गोदूला घेऊन या म्हणून. त्यांनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, ये म्हणावं. आणि आली की माझ्या उजव्या बाजूला बसायचं म्हणावं. डावीकडून वारा फार येतो.